हनुवटी झुकवावी की द्रव घट्ट करावा?

पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला पाणी पिताना वारंवार ठसका लागू लागला, की सहसा दोन उपाय पुढे येतात : गिळताना हनुवटी छातीकडे झुकवणे, किंवा पावडर मिसळून द्रव घट्ट करणे.

पहिल्याला खर्च नाही आणि पेयाची चवही बदलत नाही. मात्र प्रत्येक घोटाला ती कृती आठवावी लागते, आणि स्मृतिभ्रंशात नेमकी हीच अपेक्षा फोल ठरते. घट्ट द्रव सावकाश सरकतो, त्यामुळे गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया उशिरा सुरू झाली तरी श्वासमार्ग बंद होण्यास अवधी मिळतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७११ रुग्णांची क्ष-किरण चलचित्राद्वारे तपासणी झाली, तेव्हा द्रव श्वासनलिकेत जाणे मधाइतक्या घट्ट पेयाने सर्वांत जास्त रोखले. परंतु ५१५ रुग्णांच्या तीन महिन्यांच्या पाठपुराव्यात न्यूमोनियाच्या, म्हणजे असा द्रव आत गेल्यानेही होऊ शकणाऱ्या फुप्फुसाच्या संसर्गाच्या, प्रमाणात दोन उपायांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. उलट घट्ट द्रव घेणाऱ्यांत निर्जलीकरण अधिक आढळले. याचे नवल वाटू नये, कारण चिकट पेय फारसे कोणी आवडीने पीत नाही.

म्हणून सूचना पाळू शकणाऱ्या रुग्णात आधी हनुवटीचा उपाय आजमावणे मला अधिक योग्य वाटते, मात्र तपासणीत तो त्या रुग्णाला खरोखर उपयोगी पडतो हे पाहूनच. कारण काहींच्या श्वासनलिकेत द्रव ठसका न लागताही जातो. घट्ट द्रव निवडला, तर दिवसभरात पोटात किती गेले याची नोंद ठेवावी.