दिवाळीत घेतलेला स्वस्त फोन, टॉकबॅक आणि एक मुकं बटण : पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

रॅम, प्रोसेसर, कॅमेरा यांची माहिती सगळीकडे आहे, ती पुन्हा देत नाही. मी पूर्ण अंध आहे. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला हा दहा हजारांच्या आतबाहेरचा फोन पहिल्या दिवसापासून टॉकबॅक, म्हणजे बोटाखाली स्क्रीनवर जे असेल ते बोलून सांगणारी अँड्रॉइडची सोय, लावूनच वापरते आहे.

सुरुवातीला याला तीनच तारे देणार होते. बोट फिरवलं की आवाज जरा थांबून यायचा, आणि त्या थांबण्यात पुढचं बटण निसटायचं. मग कंपनीने आधीच भरून दिलेली नको ती अ‍ॅप्स काढली, मराठी आवाज डाउनलोड करून ठेवला, बोलण्याचा वेग वाढवला. फोन बराच सुधारला. आता चार तारे, आणि त्यातला एक निव्वळ हेडफोन जॅकचा. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो. गाणी ऐकताना ते जाणवत नाही, पण एकेक अक्षर ऐकून टाइप करणाऱ्याचं बोट पुढे जातं आणि आवाज मागे राहतो. साधा वायरचा इअरफोन एका कानात घातला की काम चोख होतं, आणि रांगेत उभं असताना ओटीपी शेजारच्याच्या कानावर जात नाही. स्क्रीन काळी ठेवून वापरता येते, त्यामुळे चार्जही भरपूर टिकतो. घेणार असाल तर जॅक बघूनच घ्या.

होळीनंतर माझ्या बँकेच्या अ‍ॅपचं अपडेट आलं आणि सगळा विचका झाला. पूर्वी पिन टाकताना बोट फिरवलं की "एक", "दोन", "तीन" ऐकू यायचं. आता बोट कुठेही ठेवा, "बटण". शेजारी "बटण", खाली "बटण". दहाच्या दहा आकडे नुसते "बटण". टॉकबॅकमध्ये बटणाला स्वतः लेबल देण्याची सोय आहे. पण सुरक्षेसाठी या कीपॅडवरचे आकडे दर वेळी जागा बदलतात. आज जिथे चार आहे तिथे उद्या नऊ येणार, मग लेबल लावणार कशाला?

कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, घरातल्या कोणाकडून तरी करून घ्या ना." हीच बँक मला सतत मेसेज पाठवते की पिन कोणालाही सांगू नका. खातं माझं, पगार माझा, आणि विजेचं बिल भरायला मी भाचा कॉलेजातून यायची वाट बघायची! पुन्हा फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की आकडे मोठ्याने बोलले तर धोका असतो. अहो, इअरफोन त्यासाठीच तर आहे. अँड्रॉइडमध्ये बटणाला नाव देणं म्हणजे कोडमध्ये "कंटेंट डिस्क्रिप्शन"ची एक ओळ लिहिणं. तेवढं काम कोणी केलं नाही म्हणून माझे व्यवहार अडले.

याला कायदा आहे, आणि तो जुना झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. कलम ४२ माहिती आणि संपर्क तंत्रज्ञानाबद्दल आहे. कलम ४६ सांगतं की सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत त्याने आपली सेवा सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशी, केली पाहिजे. नियम २०१७ मध्येच आले. संगणक, फोन, अ‍ॅप यांसाठीचं आयएस १७८०२ हे भारतीय मानकही २०२३ मध्ये नियमांत घातलं गेलं. घोडं अडलं ते अंमलबजावणीपाशी. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानकं सांगणारा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र नुसत्या शिफारशी करत बसला होता. सक्तीचे नियम करायला सरकारला तीन महिने दिले.

दंड वाचून तर मी चिडलेच. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला जास्तीत जास्त दहा हजार रुपये, म्हणजे माझ्या या फोनची किंमत! पुढच्या उल्लंघनांना पन्नास हजार ते पाच लाख आहे, पण तिथवर पोचायचं तर कोणीतरी तक्रार लावून धरायला हवी. अमेरिकेचा २०१० चा संपर्कसाधनांचा कायदा बँकेच्या अ‍ॅपना लागू नाही, तो मेसेजिंग, ईमेल, मोबाइल ब्राउझर अशा गोष्टींना आहे. पण त्यातली एक तरतूद मला फार आवडली. सुगमतेसाठी काय केलं याच्या नोंदी कंपनीनेच ठेवायच्या आणि त्या ठेवल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी सरकारी आयोगाला द्यायचं. आपल्याकडे पुरावे गोळा करायचं काम माझ्यासारखीवर येतं.

मेमध्ये केवायसी नव्याने करायची वेळ आली. सेल्फी काढा, चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा. चौकट कुठे आहे हे कोणी सांगेल तर ना! पण नेमका त्याआधी, ३० एप्रिल २०२५ ला, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि २० निर्देश दिले. डोळे मिचकवण्याला पर्याय द्या, अ‍ॅपची सुगमता ठरावीक काळाने तपासून घ्या, नाकारलेले अर्ज माणसाकडून पाहून घ्या, हे सगळं त्यात आहे. निकालाची प्रिंट घेऊन शाखेत गेले. मॅनेजरनी समोर बसून ती वाचली आणि केवायसी तिथेच, कागदावर, अंगठा घेऊन करून दिली. आजवर इतक्या पटकन त्या शाखेत माझं काहीच झालं नव्हतं.

जूनच्या अपडेटमध्ये आकडे पुन्हा बोलायला लागले. "पुढे जा" अजून मुकंच आहे, आकड्यांच्या उजवीकडे चाचपून दाबावं लागतं. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाला कलम ४२ आणि ४६ चा उल्लेख करून अर्ज पाठवला आहे, सोबत टॉकबॅक चालू ठेवून केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंगही. तुमच्या अ‍ॅपमध्ये असं होत असेल तर असंच रेकॉर्डिंग करून ठेवा. त्यात ते "बटण, बटण" स्पष्ट ऐकू येतं आणि "आमच्याकडे तर चालतंय" हे उत्तर देता येत नाही. फोनला चार तारे, अ‍ॅपला दीड. अर्जाचं उत्तर आलं की इथेच भर घालीन.