‘पार्ट मियतस नही’ : जुन्या कॅम्परच्या दुरुस्तीत मला कसं कापलं

जुनी मॅटॅडोर किंवा ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग-ओटा बसवायचा आणि तोरणमाळला नाहीतर पाटणादेवीला जाऊन मुक्काम ठोकायचा, हे खूळ माझ्या ओळखीतल्याच तिघाचौघांच्या डोक्यात आहे. खूळ चांगलंच आहे. माझ्याकडे १९९६ ची बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर आहे, आधीच्या मालकानं तिचं फिरतं घर केलेलं. पण तिच्या दुरुस्तीत जळगावातल्या एका गॅरेजवाल्यानं पैसे कसे उकळले, ते गाडी घेण्याआधी वाचून ठेवा.

गाडी धूर टाकत होती, बॅक कॉम्प्रेशन मारत होती, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूनं खाली निसटत होता. हाफ इंजिनचं, म्हणजे क्रँक न घासता पिस्टन-लायनरचं काम ठरलं, अंदाज ७० हजारांचा. हेड उचलेपर्यंत बोलणं गोड. पिस्टन बाहेर आले आणि फोन सुरू झाले. “जुनी गाडी शे भाऊ, पार्ट मियतस नही.” म्हणजे पार्ट मिळतच नाहीत. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळ्या, पुण्याहून मागवावे लागतील, बेअरिंग कोणाकडे तरी पडून आहे, तो जास्त मागतोय, आता क्रँकही (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) घासावा लागेल, म्हणजे फुल इंजिन. खोललेलं इंजिन पोत्यात भरून आणि गाडी टोचन करून दुसरीकडे कोण नेणार? हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बिल दोन लाखांच्या पुढे गेलं.

आता खरी गोष्ट ऐका. या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन आहे, चार सिलिंडर, २.४ लिटर. हेच इंजिन याच कंपनीच्या ट्रॅक्स जीपमध्येही वर्षानुवर्षं होतं. आणि ट्रॅक्स म्हणजे आपल्याकडची सीटवर चालणारी काळी-पिवळी! चोपडा, यावल, शहादा, अक्कलकुवा, कुठल्याही स्टँडवर उभी असायची. तिचे पिस्टन, लायनर, नोझल मिळत नाहीत असं खान्देशात म्हणायला छातीच लागते. धुळ्याला स्पेअर पार्टच्या दुकानात मी ‘ट्रॅव्हलर कॅम्पर’ न म्हणता ‘ट्रॅक्सचा किट द्या’ (पिस्टन-लायनरचा संच) म्हटलं, तर पोऱ्यानं मागे वळून खोका काढून काउंटरवर ठेवला. माझ्या बिलात याच सामानाची लावलेली रक्कम दुकानातल्या भावाच्या जवळजवळ तिप्पट होती. गाडी हौसेची आहे म्हटलं की भाव हौसेचा लागतो. पलंग आणि पडदे दिसले की गॅरेजवाल्याच्या हिशेबात तुम्ही श्रीमंत.

तरी जास्त भावापर्यंत मी गप्प बसलो असतो. चीड पुढच्या प्रकाराची आहे. कन्नडच्या घाटात इंजिन तापलं आणि स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला. धुळ्याच्या एका लेथवाल्या काकांनी चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडलं, क्रँकचं एक बेअरिंग काढून उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. क्रँक घासला की तेवढं जाड बेअरिंग लागतं, आणि ती साइज मिलिमीटरमध्ये त्याच्या पाठीवर कोरलेली असते. बिलात लिहिलं होतं, क्रँक ग्राइंडिंग आणि ०.५० चं नवीन बेअरिंग. पाठीवर होतं ०.२५, आणि आतल्या बाजूला रुपेरी थर जाऊन तांबं उघडं पडलेलं. म्हणजे क्रँक घासलाच नव्हता, जुनंच बेअरिंग पुसून परत बसवलं होतं. मग गॅरेजमधून निघताना आवाज का नव्हता? “नव्वद नंबर ओतलं असंल,” काका म्हणाले. जाड गिअर ऑइल इंजिनात मिसळलं की खडखड आणि धूर दोन्ही दबतात, उन्हात गाडी पळाली की सगळं उघडं पडतं.

म्हणून क्रँक, हेड, बोअर यांचं लेथकाम स्वतः उभं राहून करून घ्या, माप लेथवाल्याकडून लिहून घ्या, त्याचं बिलही वेगळं घ्या. काढलेला प्रत्येक पार्ट पोत्यात घालून घरी आणा, भंगारात गेला तरी चालेल. बॉडीवर लोहचुंबक फिरवा. पुट्टीवर तो चिकटत नाही. माझ्या गाडीत प्लायवूडच्या फरशीखालचे आडवे चॅनल हाताने तुटत होते, वरून मात्र काळा रंग झकास. टपावरची दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो ओझं, त्यानं मागचे पाटे (स्प्रिंग) बसलेले.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसीवर अजून ‘बस’ आणि आत पलंग, असं असेल तर विमा क्लेमच्या वेळी वांधा होतो. बदलाला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ‘व्हिंटेजमध्ये (जुन्या ऐतिहासिक गाड्यांच्या नोंदणीत) टाकून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ रूपातली लागते, शिवाय ती रोजच्या वापरात चालवता येत नाही.

मला बिल कच्च्या कागदावर दिलं होतं. तरी पैसे फोनवरून पाठवलेले, त्याची नोंद होती, आणि बेअरिंग माझ्याकडे होतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दाखल केली. नोटीस पोचल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला, “भाऊ, कोर्टकचेरी कसाले? क्रँकचे पैसे देतो, तक्रार मागे घ्या.”

क्रँकचे पाठवून दे म्हणालो, पण लायनर आणि बेअरिंगचे अजून बाकी आहेत. तक्रार तशीच आहे.