वात म्हणजे नेमकं काय, हे विचारणारा दवाखाना

आमची माय गंगाखेडकडच्या खेड्यात राहती, वय ६२, शुगर निघून ११ वर्षं झाली. मागच्या दिवाळीपासून तिचं एकच गाऱ्हाणं, पायाला वात आलाय, रातच्याला झोप नाही. आधी एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं, तिथं वात म्हणल्याबरोबर केसपेपरवर जॉइंट पेन पडलं, गुडघ्याचा एक्सरे निघाला अन् पेनकिलर सुरू. ४ महिने खाल्ल्या तिनं त्या गोळ्या. शुगरच्या माणसानं इतके दिवस पेनकिलर खाल्ल्या तर किडनीवर बोजा पडू शकतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, अन् पाय तर जसाच्या तसा.

मग कुणीतरी परभणीच्या ह्या दवाखान्याचं सांगितलं. इथं डॉक्टर मॅडमच्या आधी एक सिस्टर बसतात, त्या पेशंटचं म्हणणं पेशंटच्याच शब्दात लिहून घेतात. मी डोकावून बघितलं तर "पायाला वात, रातच्याला आग आग, चप्पल पायातून निघून गेलेली कळत नाही" असं सगळं मायच्या तोंडचं लिहिलेलं. मॅडमनी ते वाचलं अन् पहिलाच प्रश्न, "मावशी, वात म्हणजे नेमकं काय व्हायलंय? दुखायलंय का बधिर पडायलंय?"

माय म्हणली, "दुखत न्हाई ओ, मुंग्या डसल्यावानी व्हतंय, अन् कापसावर पाय ठिवल्यावानी लागतंय."

मग तिला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या दोऱ्याची एक बारीक कांडी तळव्याला ठिकठिकाणी टेकवली, मोनोफिलामेंट म्हणतात तिला. मी समोरच उभा होतो, अंगठ्याखाली कांडी टेकून वाकलेली मला दिसायली अन् माय म्हणायली, "लावा की." माझ्या पोटात धस्स झालं.

निदान निघालं डायबेटिक न्यूरोपॅथी. मॅडमनी तिला सांगितलं ते असं, साखरेनं पायाच्या नसांना मार बसलाय, म्हणून आग होती पण काटा रुतला तर कळत नाही. एचबीए१सी ९.८ आली. ही टेस्ट मागच्या २-३ महिन्यांची सरासरी साखर सांगती, ६.५ किंवा त्याच्या पुढं गेली की डायबेटिस धरतात, त्यामुळं तपासणीच्या आदल्या २ दिवशी गोड बंद करून काही उपयोग होत नाही (माय हेच करायची). क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) नॉर्मल आलं, नशीब.

चूक मायची नव्हतीच. आपल्याकडं गुडघा दुखला तरी वात, पोटरीत गोळा आला तरी वात, मुंग्या आल्या तरी वात. पित्ताचंही तसंच, छातीत जळजळ झाली तरी पित्त अन् अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. बाया "अंगावरून जातंय" एवढंच म्हणून गप बसतात, ते लाल का पांढरं, किती दिवसांपासून, हे समोरच्यानं मायेनं विचारल्याशिवाय निघत नाही. अन् उलटही होतं, आमच्या चुलत्यांच्या सोनोग्राफीत "अनरिमार्केबल" लिहून आलं तर पोरं घाबरून गेली, त्याचा अर्थ काही वावगं दिसलं नाही एवढाच.

खटकलेलं पण सांगतो. जाताना हातात छापील कागद देतात, त्यावर "परिघीय चेताविकृती" लिहिलंय, हे मायला तर सोडा मलाही कळलं नाही, न्यूरोपॅथीच बरं त्याच्यापेक्षा. मॅडम तोंडानं जे बोलतात तेच छापा ना, लई लोकांचं भलं होईल. नंबर लावूनही अडीच तास बसावं लागलं, बाकडे कमी, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. सिस्टर दुपारी २ पर्यंतच असतात, नंतर गेलात तर ते लिहून घेणं होत नाही, म्हणून सकाळीच जा, जुन्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

फी ३०० घेतली, केसपेपरसकट. माय आता रोज रातच्याला आरशात तळवे बघती, चुलीपाशी पाय शेकणं बंद केलंय, अनवाणी रानात जात नाही. आग थोडी कमी आहे म्हणती, बधिरपणा तसाच आहे, तो लगेच जाणार नाही असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. ३ महिन्यांनी परत बोलावलंय.