साहसी थीमच्या एस्केप रूम: काही महिने खेळल्यानंतरचं मत

जुनं मंदिर, खजिन्याचं भुयार, चाच्यांचं जहाज अशा थीमच्या एस्केप रूम, म्हणजे गटाने कोडी सोडवत ठरलेल्या वेळात बाहेर पडायच्या खोल्या, काही महिने सातत्याने खेळल्यावर एक गोष्ट पक्की झाली. कोडी किती अवघड आहेत याने मजा ठरत नाही. बरोबर उत्तर दिल्यावर खोली ते लगेच मान्य करते का, यावर ठरते.

चौथऱ्यावर मूर्ती ठेवायचं कोडं घ्या. मूर्तीच्या बुडाशी आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी ओळखता येणारी छोटी चिप) असतो, चौथऱ्याखाली तो ओळखणारा रीडर. तो काही सेंटिमीटरवरचंच वाचतो. मूर्ती जरा कडेला सरकली की काहीच घडत नाही. चार मूर्ती, चार जागा म्हणजे २४ मांडण्या. प्रत्येक योग्य मूर्तीला दिवा लागला तर चूक कुठे आहे ते कळतं. चारही जुळेपर्यंत खोली गप्प राहिली तर गट बरोबर मांडणी स्वतःच मोडतो, आणि ६० मिनिटांतली दहा मिनिटं तिथेच वाया जातात. म्हणून मांडणी बदलण्याआधी प्रत्येक मूर्ती उचलून मधोमध ठेवून पाहा.

कुलपांचंही तेच. तीन आकडी कुलपाला १००० शक्यता असतात, पण दोन आकडे मिळाले की तिसरा जास्तीत जास्त दहा प्रयत्नांत सापडतो. ही पळवाट मला खटकत नाही. खटकतात ती एकाच खोलीतली दोन सारखी चार आकडी कुलपं: आकडा हातात, पण तो कुठे लावायचा याची खूणच नाही. वर-खाली-डावी-उजवीकडे सरकवायच्या कुलपात आधीच्या चाली पुसायला कडी सहसा दोनदा आत दाबावी लागते. सुरुवातीला हे सांगितलं नाही, तर क्रम बरोबर असूनही कुलूप ढिम्म हलत नाही.

कोडी एकामागून एक सुटणारी असतील तर तीन-चार जणच जा. सहा जण आणि एकच टॉर्च असेल तर निम्मे लोक अंधारात उभे राहतात. भुयाराच्या थीममध्ये हे हमखास होतं, त्यात टॉर्चची बॅटरी उतरलेली असली तर भिंतीवरची अक्षरंही लागत नाहीत.

हिंट मोजून तीनच देणाऱ्या खोल्या मला आवडत नाहीत. कॅमेऱ्यावर बघणारा गेममास्टर गट कुठे अडलाय ते ओळखून बोलतो, तेव्हा खेळ वाहता राहतो. वॉकी-टॉकीपेक्षा पडद्यावरची हिंट बरी. ढोल आणि धबधब्याच्या आवाजात बोलणं ऐकूच येत नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. २०१९ च्या जानेवारीत पोलंडमधल्या कोशालिन शहरात एस्केप रूमला आग लागली आणि आत अडकलेल्या पाच मुलींचा मृत्यू झाला. विद्युतचुंबकी कुलूप वीज गेली की आपोआप सुटतं, साध्या किल्लीच्या कुलपाचं तसं नसतं. त्यामुळे घड्याळ सुरू होण्याआधी बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते विचारा आणि ते दाबून दार उघडून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर आत जाऊ नका.