पहिली दहा मिनिटं अस्सल वाटणारा नकली परफ्यूम

उकाड्यात वापरायला हलका, फळाफुलांच्या वासाचा परफ्यूम तुम्ही ऑनलाइन घेणार असाल आणि तोही अधिकृत विक्रेत्याकडून नव्हे, तर आधी हे वाचाच. मी यात फसले आहे. ज्या युक्तीने मला फसवलं, ती नेमकी याच प्रकारच्या परफ्यूमवर चालते. ऊद किंवा अंबरच्या जड परफ्यूममध्ये ती इतकी सहज खपली नसती.

परफ्यूम एका नावाजलेल्या कंपनीचा. सुरुवातीला पेअर आणि हिरवं सफरचंद, मग पिओनी आणि जाईच्या वळणाची फुलं, शेवटी अंगाला चिकटून राहणारा मऊ मस्क, म्हणजे कस्तुरीच्या वळणाचा वास. याआधीची अस्सल बाटली मी मनापासून वापरली होती, तळाशी थोडा उरलाही होता. नवी बाटली एका मोठ्या विक्री-साइटवरच्या खासगी विक्रेत्याकडे दिसली. ‘टेस्टर आहे, म्हणून खोका नाही आणि म्हणूनच स्वस्त,’ असं त्याने लिहिलं होतं. टेस्टर हा प्रकार खराच असतो. दुकानात लोकांनी मारून बघावा म्हणून कंपन्या तोच परफ्यूम साध्या खोक्यात, कधी झाकणाशिवाय पाठवतात. त्यामुळे जे जे नव्हतं, त्या सगळ्याचं उत्तर या एका शब्दात मिळून गेलं.

पहिला फवारा अगदी बरोबर होता. पेअर म्हणजे पेअरच. गोम इथेच आहे.

परफ्यूममधलं पेअर किंवा सफरचंद फळ पिळून काढलेलं नसतं. हेक्झिल ॲसिटेटसारख्या एस्टर जातीच्या रसायनांतून तो वास जुळवलेला असतो. हे रेणू लहान, भरकन उडून जाणारे आणि स्वस्त. त्यांची नक्कल कुणालाही जमते. कस लागतो तो पुढे. पिओनीच्या फुलातून परफ्यूमच्या कामाचं तेल निघत नाही, त्यामुळे ते फूल बऱ्याच घटकांतून रचावं लागतं. जाईला हवेशीर करणारं हेडिऑन हे द्रव्य १९६६ च्या ‘ओ सोव्हाज’ या परफ्यूमपासून गाजलं आणि आज हलक्या फुलांच्या परफ्यूममध्ये ते सर्रास असतं. त्याखाली चांगल्या प्रतीचे मस्क लागतात. नकली माल बनवणारा या भागावर पैसे घालत नाही, कारण बाटली हातात आल्यावर आपण पहिल्या फवाऱ्यावरच निकाल देऊन टाकतो.

माझं आवरून होईपर्यंत पेअर गायब झालं होतं. मागे राहिला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा आंबट उग्र दर्प, आणि तासाभराने तोही नाही. मनगटावर काहीच नाही.

मी विक्रेत्याला कळवलं. तो चिडला नाही, उलट फार गोड बोलला. त्याचं प्रत्येक उत्तर अर्धं खरं होतं, आणि म्हणूनच ही उत्तरं नीट सांगाविशी वाटतात.

पहिलं उत्तर: ‘मॅडम, उन्हाळी परफ्यूम आहे, टिकणार कसा?’ गरमीत सुगंध लवकर उडतो, हे खरं. ओ द तोआलेत या हलक्या प्रकारात सुगंधी द्रव्य साधारण ५ ते १५ टक्के असतं आणि ओ द परफ्यूम या गडद प्रकारात १५ ते २० टक्के, त्यामुळे हलका परफ्यूम कमी टिकतो, हेही खरं. पण उडतं ते वरचं फळ. मस्कचे रेणू मोठे असतात, ते सावकाश निघतात. अस्सल हलका परफ्यूम हळूहळू विरत जातो आणि कपड्यावर दुसऱ्या दिवशीही त्याची खूण सापडते. मधूनच तुटत नाही. माझा तुटला होता.

दुसरं उत्तर: ‘तुमचं नाक सरावलंय.’ हेही घडतं. सतत येणारा वास मेंदू बाजूला सारतो, शिवाय काही मस्क काही लोकांना मुळातच जाणवत नाहीत. म्हणून मी कागदाच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर जुन्या बाटलीतला उरलेला परफ्यूम, दुसरीवर नवा. मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण केली आणि पट्ट्या वेगवेगळ्या खोल्यांत रात्रभर ठेवल्या. सकाळी बहिणीला काहीही न सांगता हातात दिल्या. एक नाकाशी धरून ती म्हणाली, ‘हा तुझा नेहमीचाच की.’ दुसरी तिने दोनदा हुंगली, उलटून पाहिली आणि विचारलं, ‘याच्यावर काही मारलंयस तरी का?’

तिसऱ्या उत्तराने खरं नुकसान केलं. ‘ताजी बॅच आहे. थोडी हवा आत जाऊ द्या आणि अंधारात ठेवून मुरू द्या. दोन-तीन आठवड्यांत वास भरेल.’ परफ्यूम मुरवतात, पण ते काम कारखान्यात, बाटलीत भरण्याआधी होतं. दुकानात आलेला माल वापरायला तयार असतो. हा सल्ला देण्यामागे हेतू एकच होता, परत करण्याची मुदत टळावी. ती टळली. मुरवायला सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच दिवशी माल परत करण्याची नोंद करा.

मुदत संपल्यावर मी बाटली खिडकीशी धरून बारकाईने पाहिली. जुन्या बाटलीतली नळी इतकी पातळ आणि पारदर्शक की द्रवात जवळजवळ दिसतच नव्हती, तळाच्या कोपऱ्यापर्यंत नेमकी कापलेली. नवीतली नळी जाड, पांढुरकी आणि लांब, तळाशी वळून वर आलेली. जुनीतून धुकं उडायचं, नवीतून थेंब पडायचे. बॅच क्रमांक, म्हणजे माल कोणत्या खेपेतला ते सांगणारा आकडा, जुन्या बाटलीच्या काचेवरच उमटवलेला होता, नवीवर चिकटपट्टीवर छापलेला. नखाने कड उचलताच तो सुटून आला.

गंमत अशी की तो क्रमांक तपासणाऱ्या साइटवर टाकला तर व्यवस्थित तारीख आली: २०२३. इथे बरेच जण निश्चिंत होतात. या साइट फक्त क्रमांकाची रचना वाचतात. खऱ्या बाटलीवरचा क्रमांक हजार नकली बाटल्यांवर छापला तरी उत्तर तेच येतं.

पण त्याच तारखेने नकली माल उघडा पाडला. लेबलवरच्या घटकांमध्ये ब्युटिलफेनिल मिथाइलप्रोपिओनल होतं, ज्याला लिलिअल म्हणतात. फुलांच्या परफ्यूममध्ये ते पूर्वी खूप वापरायचे. युरोपियन युनियनने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. लेबल म्हणत होतं की माल युरोपातला, क्रमांक म्हणत होता २०२३, आणि यादीत लिलिअल. जुन्या अस्सल बाटल्यांवर हे नाव सापडेल, त्यामुळे नुसतं नाव दिसलं म्हणजे नकली असं समजू नका. तारीख आणि यादी यांचा मेळ बसतो का ते पाहा. मी हे दाखवलं तेव्हा विक्रेता म्हणाला की कंपनीने फॉर्म्युला बदललाय म्हणून वास वेगळा आहे. कंपन्या फॉर्म्युला बदलतात, बरोबर. मग यादी जुनी कशी राहिली? त्यानंतर त्याने उत्तर देणं बंद केलं.

पैशापेक्षा मला जास्त राग येतो तो त्वचेच्या गोष्टीचा. गरमीत आपण परफ्यूम उघड्या मानेवर, घामेजल्या अंगावर मारतो. माझ्या मानेला खाज सुटली आणि मी तो वापरणं थांबवलं. नकली परफ्यूममध्ये मिथेनॉल सापडल्याची उदाहरणं आहेत आणि ते नाकाने ओळखता येत नाही. खऱ्या लेबलवर लिमोनीन, लिनालूल अशी नावं असतात ती ॲलर्जी असणाऱ्यांनी सांभाळावं म्हणून. नकली लेबलवरची यादी दुसऱ्याच बाटलीची असते, आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. असा परफ्यूम ‘फुकट कशाला घालवा’ म्हणून पडद्यांवर किंवा उशीवर मारू नका, घरातल्या मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

साइटने मुदतीचं कारण देऊन हात वर केले. कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली तेव्हा पैसे परत मिळाले, तेही एका गोष्टीमुळे. विक्रेता मला सारखा वैयक्तिक नंबरवर बोलायला बोलावत होता, पण मी सगळं साइटच्या चॅटमध्येच ठेवलं होतं. मुदतीच्या आत केलेली माझी तक्रार आणि त्याचं ‘मुरू द्या’ तारखेसकट तिथे होतं. सोबत नळीचे, सुटलेल्या चिकटपट्टीचे आणि घटकांच्या यादीचे फोटो जोडले. बाटली आली की पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, त्याच दिवशी पट्टीवर मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या. मुदत त्यापेक्षा मोठी असते.

तक्रारीसाठी त्याचं खातं पुन्हा उघडलं तेव्हा खाली एक वेगळी जाहिरात दिसली: ‘ब्रँडेड परफ्यूमच्या रिकाम्या बाटल्या चांगल्या भावात घेऊ, झाकणासह.’ फिरकीच्या तोंडाची बाटली सहज उघडून पुन्हा भरता येते, आणि मग नळी, काच, कोरलेला क्रमांक सगळंच अस्सल असतं. तशी बाटली समोर आली तर मी वर सांगितलेल्या खुणांपैकी फक्त कागदाची पट्टीच कामाला येईल. माझी जुनी बाटली संपल्यावर मी तिचं लेबल आणि क्रमांक खरवडले, स्प्रे काढून टाकला आणि मगच काच कचऱ्यात दिली.