एचपीव्ही पॉझिटिव्ह आलाय? नवऱ्याला घेऊनच जा इथं – विश्रामबाग, सांगली

आधी जे आवडलं नाही ते लिहून टाकते. बोर्डवर संध्याकाळी ५ ची वेळ आहे पण गायनॅक मॅडम मिरजेतलं ऑपरेशन उरकून येतात, त्यामुळे साडेसहाच्या आत नंबर लागला तर नशीब. गाडी लावायची बोंब. आणि रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारते, काय तक्रार आहे? आता सांगली ती केवढी, बाकावर बसलेल्यांत एखादी तरी ओळखीची निघतेच, तिथं काय सांगणार. मी रिपोर्ट दाखवायचाय एवढंच म्हणाले.

फी पण जरा जास्त वाटली. आत गेल्यावर मात्र वाटली नाही.

झालं असं की एका लॅबच्या हेल्थ पॅकेजमध्ये ही एचपीव्हीची टेस्ट होती (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू), रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, लाल अक्षरात 'डिटेक्टेड', आणि फोन करून विचारलं तर म्हणे डॉक्टरांना दाखवा. बास. मग मोबाईलवर वाचलं की हा लैंगिक संबंधातून पसरतो, आणि पुढचं कळायला काय वेळ लागतोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी सहावीत, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतोय. भांडण नाही, काही नाही, नुसता जेवताना टीव्हीचा आवाज वाढलेला.

बाकीच्या गायनॅककडे नवऱ्याला जिन्यात उभं करतात, इथं मॅडमनी स्वतःहून त्याला आत बोलावलं. आणि पहिलंच वाक्य हे की रिपोर्टवर तारीख आहे ती टेस्टची आहे, इन्फेक्शन कधी झालं त्याची नाही. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो, काही लक्षण नाही, तेव्हा लग्नाआधीचा असेल, नंतरचा असेल, तिच्याकडून की याच्याकडून, हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. त्यामुळे या कागदावरून कोणी कोणावर संशय घेऊ नका, असं सरळ तोंडावर सांगितलं. संबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा होतोच आणि दहातल्या नऊ जणांचा वर्ष-दोन वर्षांत शरीर आपोआप साफ करतं, कळत पण नाही.

नवरा म्हणाला मग माझी पण टेस्ट करा. तर पुरुषांसाठी अशी रूटीन टेस्टच नाही म्हणे! चामखीळ किंवा काही वेगळं दिसलं तर दाखवा, बाकी इतकी वर्षं एकत्र आहात म्हणजे तुमच्यापर्यंत बहुतेक आधीच पोचलेला असणार. कंडोमचं विचारलं (त्यानेच, मी नाही). धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही, कारण हा त्वचेला त्वचा लागून जातो आणि कंडोम सगळं झाकत नाही. जवळ येणं बंद करायची गरज नाही हे मॅडमनी न विचारता सांगितलं ते बरं झालं, ते आमच्यापैकी कोणीच विचारलं नसतं. माझी भीती वेगळीच होती, घरात टॉवेल एकच, बाथरूम एकच, सासूबाई, पोरगी... तर तसा ताट-वाटी, संडास-बाथरूममधून पसरत नाही.

मग रिपोर्ट नीट वाचून दाखवला. १६ आणि १८ हे दोन प्रकार जास्त त्रासाचे, गर्भाशयाच्या तोंडाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर त्यांच्यामुळे, ते असते तर लगेच कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी. माझ्यात ते नाहीत, बाकीच्या हाय रिस्क प्रकारांपैकी आहे, पॅप स्मिअर (तिथल्या पेशींची तपासणी) नॉर्मल आलं, म्हणून एका वर्षानं परत टेस्ट. गोळ्या नाहीत. मी दोनदा विचारलं, नाहीत. विषाणूवर औषधच नाही, पेशी बिघडल्या तर त्यावर उपचार असतात, आणि बिघडून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, मधे पकडायला भरपूर वेळ मिळतो. आपल्या उस्मानाबादकडं, म्हणजे आताच्या धाराशिवला, खेड्यातल्या सव्वा लाखावर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झालाय, २००९ ला छापून आला, त्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात, टेस्ट न केलेल्या गटाच्या मानानं, या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. हे ऐकून मला एकदम धीर आला, कुठल्या परदेशातलं सांगितलं असतं तर एवढा आला नसता काय की.

पोरीच्या लसीचं पण तिथंच ठरलं. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे, ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं, १५ नंतर तीन लागतात. मी लस घेऊन माझं आत्ताचं इन्फेक्शन जाणार नाही हे पण स्पष्ट सांगितलं, उगाच इंजेक्शन खपवलं नाही, त्याचे मार्क वेगळे.

एक गोष्ट राहिली, सगळं तोंडी सांगतात. मी मोबाईलवर टिपून घेतलं, नवऱ्यानं घरी येऊन तेच मला परत दोनदा वाचायला लावलं. मराठीत एक पानभर छापून दिलं तर किती बरं होईल, कारण प्रत्येकीचा नवरा काही सोबत येणार नाही.

चार स्टार. दुपारी फोन करून नंबर घ्या, लॅबचा पूर्ण रिपोर्ट न्या, प्रकार कुठला ते शेवटच्या पानावर असतं आणि व्हॉट्सॲपवर बऱ्याचदा पहिलंच पान येतं. पार्किंग मागच्या गल्लीत मिळतं.