कपाटाच्या दारांना साग की फणस?

कोकणातल्या जुन्या घराला शोभतील अशी पॅनेलची, म्हणजे दाराच्या चौकटीत फळी बसवलेली, भरीव दारं करायची, पण परसातला फणस वापरावा की साग विकत घ्यावा, असं एका मैत्रिणीने विचारलं.

दारासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकूड पावसाळ्यात किती फुगतं. इथे साग सरस. त्यात नैसर्गिक तेल असतं, तो फुगतो-आकसतो कमी, त्यामुळे दार अडकत नाही. फणसही टिकाऊ, पण नीट वाळवलेला हवा. इंचभर जाडीच्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून वर्षभर तरी ठेवाव्यात. घाई केली की दार पिळवटतंच. कोणत्याही लाकडाचं पॅनेल चौकटीच्या खाचेत मोकळं बसवा, गोंदाने चिकटवू नका.

वाळवीला दोन्हींचा गाभाच दाद देत नाही. कडेचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी काढून टाका.

फणसाचे रेषे उलटसुलट, रंधा अडतो, मजुरी वाढते. पण त्याचा पिवळा रंग वर्षांगणिक तांबूस तपकिरी होत जातो, आणि तो मला सागापेक्षाही आवडतो.

स्वयंपाकघरात किंवा घाई असेल तर साग. झाड घरचं आणि थांबायची तयारी असेल, तर माजघरातल्या कपाटाला फणसच.